स्प्लेंडरचा हेडलाइट तीनदा बदलला, तरी डिपर पिवळाच. वायरिंग कळणाऱ्यांनी सांगा

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बाबांची १९९८ची हिरो होंडा स्प्लेंडर अजून घरात आहे आणि रोजच्या वापरात आहे. चिपळूणहून लोटे एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जातो. सुटायला रात्रीचे बारा होतात आणि मग परशुराम घाट उतरून घरी. तेव्हा हेडलाइट हा माझ्यासाठी शोभेचा विषय नाही.

२२ जुलै २०२१च्या पुरात गाडी अंगणात उभी होती. माणसं माळ्यावर, गाडी पाण्यात. नंतर इंजिन खोललं, ऑइल तीन वेळा बदललं, कार्ब्युरेटरमधून वाटीभर गाळ निघाला. पुन्हा किकला लागली तेव्हा बाबांनी तिच्यापुढे नारळ फोडला. वायरिंगला मात्र कुणी हात लावला नाही. उन्हात वाळली, चालतंय ना, मग राहू दे.

वर्षभरापासून हेडलाइट मंद होत गेला. केलेले उपाय असे. आधी बल्ब बदलला, फरक शून्य. मग ऑनलाइन एलईडी मागवला. तो बसला, पण लुकलुक लुकलुक, घाटात डोकं दुखायला लागलं. मग गॅरेजवाला म्हणाला रिफ्लेक्टर काळा पडलाय. म्हणून काचेसकट नवा हेडलाइट आणि साधा ३५/३५ वॉटचा हॅलोजन टाकला. अप्पर जरा बरा, डिपर म्हणजे देवघरातलं निरांजन.

मग त्यानेच बल्ब होल्डरातून बाहेर काढला आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट बल्बला लावल्या. लख्ख! आता त्याचं म्हणणं, अख्खं वायरिंग किट बदलू, दोन दिवस गाडी सोडा. मला वाटतं, त्यापेक्षा बॅटरीवरून कायमच्याच दोन वायरी ओढून मध्ये एक स्विच टाकावा.

बाकी हॉर्न, इंडिकेटर झकास. मागचा लाल बल्ब तेवढा महिन्या-दीड महिन्याला उडतो, पण तो वीस रुपयांचा आहे, त्याचं काही नाही.

थेट वायर ओढू का?

पंक्चर | रविवार, रात्री ९:५५

ओढा. आणि लोट्याला पोचल्यावर गाडी ढकलायला दोन मित्र सोबत न्या.

ओहम | रविवार, रात्री १०:१०

पंक्चरराव, ढकलावी लागणार नाही. या गाडीच्या सीडीआयला (प्लगला ठिणगी देणारं युनिट) मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागात, वेगळी कॉइल असते, बॅटरी मेली तरी किकला लागते. पण हॉर्न आणि इंडिकेटर जातील, आणि पाठोपाठ तुमची थेट लाइटसुद्धा.

हिशोब साधा आहे. ३५ वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे २.९ अँपिअर. तुमची बॅटरी २.५ अँपिअर-अवरची. नवी कोरी, पूर्ण भरलेली असली तरी तास भरायच्या आत झोपेल. गाडी चालू असताना थोडं चार्जिंग येतं हे खरं, पण ते इंडिकेटर, हॉर्न आणि ब्रेकलाइटपुरतं केलेलं आहे. हेडलाइट त्या हिशोबात कधी धरलेलाच नव्हता.

मस्कतकर | रविवार, रात्री १०:२५

रिले किट लावा हो, बॅटरीचा करंट सरळ बल्बला देणारा स्विच. कपलरला कपलर, वायर कापायची गरज नाही. आमच्या सावंतवाडीच्या घरी चुलतभावाने बुलेटला लावलंय, दिवस उगवल्यासारखं पडतं.

टेस्टलॅम्प | सोमवार, सकाळी ६:१५

रिले बुलेटला ठीक आहे, कारण तिथं हेडलाइट बॅटरीवर चालतोय. जुन्या स्प्लेंडरला हेडलाइट बॅटरीवर नसतोच की हो! मॅग्नेटमधल्या कॉइलमधून जी एसी लाइन निघते, ती पिवळी वायर, ती आरआर युनिटला (रेग्युलेटर-रेक्टिफायर, व्होल्टेज आवरून बॅटरी चार्ज करणारं) हजेरी लावून सरळ लाइटच्या स्विचला जाते. स्विचमधून डिपर-अप्परच्या बटणाला. तिथून निळी अप्परला, पांढरी डिपरला. स्विचमधूनच निघालेली तपकिरी मागच्या लाल बल्बला आणि मीटरच्या बल्बांना. म्हणून रेस दिली की उजेड वाढतो आणि क्लच दाबून उतारावर सोडली की मंदावतो. हा रोग नव्हे, तिचा स्वभाव आहे.

मी इचलकरंजीत पस्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता मुलगा दुकान बघतो. पोरा, चार गोष्टी सांग.

एक, डिपर लावल्यावर मीटरमधला अप्परचा निळा दिवा पेटतो का? नीट बघून सांग, अंधारात.
दोन, रेस दिल्यावर डिपरचा उजेड वाढतो का?
तीन, गॅरेजवाल्यानं बॅटरीवरून दोन वायरी लावल्या म्हणतोस. एकच, फक्त प्लसची, लावून बघितली होती का?
चार, हेडलाइटमागच्या डब्याच्या, म्हणजे डूमच्या, आत कुणी टेप मारलेली दिसते का?

मला ते निळ्या दिव्याचं आधी पाहिजे.

रातपाळी_सिस्टर | सोमवार, दुपारी १:३०

धाग्याशी थेट संबंध नाही, पण एलईडीचं नाव निघालंय म्हणून लिहिते. वाशिष्ठीकाठ, तो एलईडी परत लावू नका, प्लीज. माझी ड्यूटी प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्रीबेरात्री स्कूटीवरून जाते. समोरून असा पांढरा दिवा आला की डांबर आणि साइडपट्टी यातला फरक कळेनासा होतो. लावणाऱ्याला वाटतं, वा, काय उजेड! तो उजेड रस्त्यावर नाही, माझ्या डोळ्यात असतो.

ओहम | सोमवार, दुपारी २:०५

सिस्टर, शंभर टक्के. कारण सांगतो. हॅलोजनचा रिफ्लेक्टर हा एका ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरवरून वर जाणारा उजेड कापला जातो. एलईडीचे ठिपके त्या जागी अचूक बसले नाहीत की सगळा उजेड फवाऱ्यासारखा उडतो.

आणि लुकलुकण्याचं कारण वेगळं. कॉइलची एसी आहे, त्यातही एका बाजूचा बराचसा अर्धा भाग बॅटरी चार्जिंगकडे वळतो. हॅलोजनची तार तापलेली असल्यामुळे मधली पोकळी जाणवत नाही. एलईडीला तापून राहणं माहीत नाही, वीज गेली की तो विझतो.

पंक्चर | सोमवार, दुपारी २:२०

म्हणजे हॅलोजन हा संयुक्त कुटुंबातला आणि एलईडी फ्लॅटमधला.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री १२:५५

आत्ताच घरी आलो. काका (काका म्हटलं तर चालेल ना?), निळा दिवा पेटतो! डिपरवर मंद, अप्परवर चांगला. मी समजत होतो की प्लास्टिकमधून शेजारच्या बल्बचा उजेड झिरपतोय. घाटात एका वळणावर हाताने मीटर झाकून बघितलं, तो निळाच आहे.

रेस दिली की डिपर वाढतो, पण थोडा. त्याच वेळी निळासुद्धा वाढतो.

एकच वायर लावून बघितली नव्हती. डूम अजून उघडला नाही.

टेस्टलॅम्प | मंगळवार, सकाळी ६:०५

काका म्हण की. सापडलं. ना बल्ब, ना रिफ्लेक्टर, ना किट. हेडलाइटची हिरवी वायर.

होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ. बल्बमध्ये दोन तारा, डिपरची आणि अप्परची, आणि दोघींचं परतीचं टोक एकच, ते हिरवीला. परतीचा रस्ता धड असला तर डिपरचा करंट पांढरीतून येतो, हिरवीतून गुपचूप जातो. हिरवीच्या पिनेवर गंज बसला की थोडा करंट अडतो आणि दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे अप्परची तार उलटी चढून निळ्या वायरीत, तिथून मीटरमधल्या निळ्या दिव्यात, आणि त्या दिव्याच्या स्वतःच्या हिरवीतून अर्थला. म्हणून डिपर लावल्यावर निळा दिवा पेटतो. मंद पेटला तर अर्थ कुजलाय. हेडलाइट पूर्ण बंद आणि निळा भक्क पेटला तर अर्थ तुटलाय.

यात अजून एक मेख आहे. निळा पेटतोय म्हणजे मीटरची हिरवी धड आहे. म्हणजे बिघाड बल्बच्या होल्डरपासून ते हिरव्या वायरी जिथं एकत्र येतात तिथपर्यंतच, वीतभर अंतरात. या वीतभरासाठी अख्खं किट बदलायला निघाला होतास.

ओहम | मंगळवार, सकाळी १०:४५

काकांच्या वीतभराला माझा आकडा. ३५ वॉटच्या बल्बचा तापलेला रोध साधारण ४.१ ओहम. त्या गंजक्या पिनेत फक्त १ ओहम अडकला तर बल्बला १२ऐवजी पावणेदहा व्होल्टच्या आत मिळतात. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास उतरतो. पावणेदहाला उजेड निम्म्याहूनही कमी. एका ओहमने अर्धा रस्ता खाल्ला.

गॅरेजवाल्याचा प्रयोग लख्ख का झाला तेही कळलं. त्याने प्लस आणि मायनस दोन्ही बॅटरीवरून दिले, म्हणजे कुजका अर्थ आपोआप बाजूला पडला. बल्ब ठीक आहे एवढंच त्याने सिद्ध केलं, आणि निष्कर्ष काढला वायरिंग किटचा.

पंक्चर | मंगळवार, सकाळी ११:००

थोडक्यात, गाडीच्या आयुष्यात अर्थ उरला नव्हता. (मारू नका.)

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, सकाळी ११:३०

आज दुपारी शिफ्टच्या आधी उघडतो. काय काय हाताशी घेऊ? सोल्डरिंग येत नाही मला.

टेस्टलॅम्प | मंगळवार, सकाळी ११:४०

सोल्डर नकोच. कंपनाच्या जागी सोल्डरच्या कडेला वायर ताठ होते आणि तिथंच मोडते. बुलेट पिना (वायर जोडायच्या, गोळीच्या आकाराच्या) आणि त्यांचे प्लास्टिकचे टोप, दहा रुपयांत मूठभर मिळतील. पिन दाबायला चांगला क्रिम्पिंग पक्कड घे, दातानं दाबू नको. हिरवीसाठी एक वाव वायर, मूळच्यापेक्षा बारीक नसावी. बारीक पॉलिश पेपर. थोडं व्हॅसलिन. आणि साधा टेस्ट लॅम्प.

बल्ब काढताना-घालताना काचेला बोट लावू नको. बोटाचं तेल काचेवर राहिलं तर तापल्यावर तेवढीच जागा जास्त तापते आणि काच फुगते. लागलंच तर स्पिरिटनं पूस.

आणि एक, पांढऱ्या वायरीला फसू नको. मॅग्नेटमधून आरआरकडं चार्जिंगसाठी जाणारी वायरही पांढरीच आणि डिपरचीही पांढरीच. डूममधली ती डिपरची. बाजूच्या कपलरमधली चार्जिंगची. दोन सख्ख्या जावा, एका नावाच्या, कामं निराळी.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, दुपारी २:५०

काका, उघडला. फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगतो.

डूमचे बाजूचे बोल्ट काढून हेडलाइट पुढे ओढला तर आतून चमचाभर लाल माती मांडीवर सांडली. चार वर्षांपूर्वीची. वास अजून तोच, पुराच्या चिखलाचा, डिझेल आणि शेवाळ एकत्र केल्यासारखा. बाबा शेजारी उभे होते, एकदम घरात निघून गेले.

आत वायरींचा गुंता. बहुतेक पिनांचे टोप मळलेले पण धड. हिरव्या तीन-चार वायरी एका जोडाच्या टोपात. त्यातली होल्डरकडून येणारी हिरवी ओढली तर पिन टोपातच राहिली आणि वायर हातात आली. टोकाला मोरपिशी रंगाची भुकटी, पितळेचा पत्ता नाही. तारा मोजल्या, धरून होत्या त्या पाच-सहाच असतील, बाकीच्या आधीच तुटलेल्या. म्हणजे माझा अख्खा घाट पाच-सहा केसांवर चालला होता.

टेपही सापडली. काळी, वितळून डिंक झालेली, पांढऱ्या वायरीवर. खाली दोन वायरी नुसत्या पिळलेल्या. कुणी कधी केलं देवच जाणे.

रातपाळी_सिस्टर | मंगळवार, दुपारी ३:१०

बाबा आत निघून गेले ते वाचून थांबले. आमच्या केंद्रात त्या आठवड्यात चिपळूणचे लोक धनुर्वाताच्या इंजेक्शनला रांगेत होते, सगळ्यांच्या पायांना तोच वास. बाबांना नमस्कार सांगा.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, रात्री १:१०

सांगितला, ताई.

मंडळी, उजेड आला! जुनी हिरवी कुजलेली जिथपर्यंत काळी होती तिथपर्यंत कापली, नवा तुकडा जोडला, पिन क्रिम्प केली, टोप चढवला, वर व्हॅसलिन. पांढरीचा पिळलेला जोड काढून तिथेही पिना घातल्या. निळा दिवा डिपरवर आता अजिबात पेटत नाही. बाकीच्या हिरव्या पिना पॉलिश पेपरने घासून परत बसवल्या. काम दीड तासाचं, खर्च साठ रुपये.

आज येताना घाटात पहिल्यांदा रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दिसला. काका, लोट्यातनं पेढे पाठवतो.

टेस्टलॅम्प | बुधवार, सकाळी ६:००

पेढे राहू देत, चार दिवस चालव.

मस्कतकर | बुधवार, सकाळी ९:२०

मस्त धागा. माझं रिलेचं मागे घेतो. मस्कतहून गावच्या भाच्याला फोनवर वाचून दाखवला, त्याची गाडी २०१९ची. तो विचारतो, हेडलाइटला स्विच असतो का? १ एप्रिल २०१७नंतरच्या दुचाकींना इंजिनबरोबरच लाइट लागते, बंद करायचा स्विचच नाही. ज्या पोराने हेडलाइटचा स्विच पाहिला नाही त्याला डिपरची वायर कशी समजावणार!

वाशिष्ठीकाठ | शुक्रवार, रात्री १२:४५

पेढे खरंच राहिले. आज येताना घाटाच्या वर, तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकला ओव्हरटेक करायला रेस पिळली आणि फट्. डिपर गेला. अप्परवर टाकला, तोही दोन किलोमीटरवर गेला. उरलेला घाट मोबाइलची बॅटरी तोंडात... म्हणजे टॉर्च तोंडात धरून उतरलो. बल्ब अजून नवाच होता. काच आतून काळपट-चंदेरी झालीय. काचेला बोट लावलं नव्हतं, शपथ.

पंक्चर | शुक्रवार, सकाळी ८:३०

टॉर्च तोंडात धरून घाट उतरणाऱ्याला हसायचं की ओरडायचं? ओरडतो. थांबायचं होतं की ट्रकच्या मागे मागे.

ओहम | शुक्रवार, सकाळी ९:५०

दोन्ही तारा लागोपाठ गेल्या, काच काळी. जास्त व्होल्टेज. हॅलोजनला पाच टक्के व्होल्टेज वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. इथे तर पाच टक्क्यांच्या कितीतरी वर असणार. रेग्युलेटर बघा.

टेस्टलॅम्प | शुक्रवार, सकाळी १०:३०

पोरा, चूक माझी आहे. तू पहिल्याच दिवशी लिहिलं होतंस, मागचा लाल बल्ब महिन्या-दीड महिन्याला उडतो, त्याचं काही नाही. त्याचंच सगळं आहे. मी ते वाचलं आणि निळ्या दिव्याच्या नादात पुढं गेलो. दुकानात पोरं अशी चूक करायची तेव्हा मी त्यांना जेवू देत नव्हतो.

मागचा बल्बही त्याच पिवळ्या लाइनवर. लाइनला व्होल्टेज कधीपासूनच जास्त होतं. मागच्या बल्बाचा अर्थ धड होता, म्हणून तो बिचारा पूर्ण मार खाऊन उडत होता. हेडलाइटचा अर्थ कुजका, म्हणून त्याच्यापर्यंत मार पोचतच नव्हता. कुजका अर्थच त्या बल्बाला सांभाळत होता. आपण अर्थ चांगला केला आणि बल्ब उघडा पाडला.

आता आरआर युनिट. नवं आणायला धावू नको. आरआर काम कसं करतंय? कॉइलचं व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की जादाचा करंट अर्थला ढकलून देतंय. त्याचा स्वतःचा हिरवा अर्थ कुजका असला तर ढकलायचं कुठं? युनिट चांगलं असून हातपाय बांधलेले. पुराची गाडी आहे, जे डूममध्ये झालं तेच तिथं झालेलं असणार.

तपासायची रीत: गाडी स्टँडवर, नवा बल्ब लावून डिपर चालू. मीटर एसी व्होल्टवर, एक टोक पिवळीला, एक इंजिनच्या उघड्या धातूला. रेस थोडीच दे, बल्ब पुन्हा घालवू नको. आकडा लिही. मग एक लांब वायर घेऊन आरआरच्या कपलरमागची हिरवी बॅटरीच्या मायनसला जोड आणि तेवढ्याच रेसवर परत बघ. आकडा खाली आला तर अर्थ. नाही आला तर युनिट.

ओहम | शुक्रवार, सकाळी १०:५०

एक पुरवणी. स्वस्त मीटर या कापलेल्या लाटेचं खरं व्होल्टेज दाखवत नाही, त्याला घरच्या विजेची गोल लाट अपेक्षित असते. तेव्हा आकडा खरा मानू नका, दोन आकड्यांतला फरक माना.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी ४:१५

केलं. थोड्याच रेसला मीटर १८ दाखवत होतं आणि चढत होतं, घाबरून सोडलं. मग बाबांना लांब वायर धरायला लावली. जोडल्या जोडल्या १३च्या खाली. काढली की १८, जोडली की १३. बाबांना एवढी मजा आली की पाच-सहा वेळा केलं त्यांनी.

आरआरचा कपलर उघडला. चार पिना: पांढरी, पिवळी, लाल, हिरवी. हिरवीच्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी, भाजलेलं, आणि पिन सैल. तिथून पुढे चेसिसच्या बोल्टखाली जो गोल चकती-जोड आहे, त्याच्याखाली रंग आणि गंज यांचा थर, पापड मोडावा तसा निघाला. चेसिस घासून उघडा धातू काढला, चकती नवी, बोल्ट घट्ट, वर ग्रीस. कपलरमधली हिरवी पिन बदलली. लांब वायर न जोडता पुन्हा मोजलं, रेस दिली तरी तेराच्या आसपास थांबतंय. युनिट जुनंच ठेवलं.

टेस्टलॅम्प | रविवार, सायंकाळी ५:००

आता हेडलाइटचा रोख लाव. नव्या रिफ्लेक्टरचा स्क्रू कारखान्यातून कसाही येतो. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी कर, स्वतः सीटवर बस, रोज मागं कोणी बसत असेल तर त्यालाही बसव. मागं वजन आलं की पुढचं तोंड वर होतं, तेच लोक विसरतात. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मार, डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या वीतभर खाली यायला पाहिजे.

कड भिंतीवर वेडीवाकडी दिसली किंवा उजेड झाडावर गेला तर बल्ब खाचेत बसलेला नाही. तीन कान असतात, रुंद कान वर. जबरदस्तीनं उलटा बसवणारे मी बघितलेत.

रातपाळी_सिस्टर | रविवार, सायंकाळी ५:२०

वीतभर खाली. हे वाक्य आरटीओच्या दारावर रंगवा.

मस्कतकर | रविवार, सायंकाळी ६:००

प्रश्न: आता सगळे अर्थ चांगले झाले, तर ६०/५५चा बल्ब टाकला तर? दुकानात मिळतो, खाच थोडी घासली की बसतो म्हणतात.

ओहम | रविवार, सायंकाळी ६:१०

बसेल, पण जळेल पिवळा. ती कॉइल ३५ वॉट आणि मागचा-मीटरचा दिवा एवढ्याच हिशोबाची आहे. ६० मागितले तर व्होल्टेज बसतं, आणि साडेतीनाव्या घाताचं गणित आपण वर केलंच आहे. वर होल्डर वितळायचा धोका फुकट. कॉइलचा अर्थ तोडून, दोन्ही टोकं बाहेर काढून, फुल वेव्ह (लाटेचे दोन्ही अर्धे वापरणारं) आरआर बसवून हेडलाइट बॅटरीवर घेता येतो, मी माझ्या गाडीला केलंय. पण त्यात मॅग्नेट खोलायला लागतं आणि बॅटरीही मोठी लागते. रोज रात्री घाट उतरणाऱ्याने आधी मूळचं वायरिंग मूळच्यासारखं चालवावं, बाकीचे खेळ सुट्टीत.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १२:५०

रोख लावला. अंगणात दहा मीटर मिळाले नाहीत म्हणून शेजाऱ्यांच्या गेटबाहेरून आमच्या भिंतीवर. बाबा मागे बसले. गंमत म्हणजे त्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा रंग दिला तरी वर येते. डिपरची कड तिच्या कितीतरी खाली पडली. बाबा म्हणाले, अप्पर लाव. लावला. रेघेवर उजेड गेला. थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, बंद कर, बल्ब जाईल.

आज घाट आरामात. फुल रेसलाही बल्ब शाबूत.

टेस्टलॅम्प | सोमवार, सकाळी ६:००

छान. इतके दिवस व्होल्टेज मोकाट होतं, बॅटरीचं पाणी बघितलंस का?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, सकाळी ११:१५

आत्ता बघितलं. सहापैकी दोन कप्पे खालच्या रेघेच्या खाली, एक जवळपास कोरडा. डिस्टिल्ड वॉटर आणायला निघालोय.